माझ्या पेट्यांवर तिचा हात

वाराणसीला संशोधनासाठी गेले तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या तालुक्याच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं. तसल्या शाळेतून आलेल्या माझ्या हाती नव्वदच्या दशकात विद्यापीठाच्या आंबराईतल्या मधमाश्यांच्या पेट्या आल्या, याबद्दल मी माझ्या मार्गदर्शक सरांची आजही ऋणी आहे. पण त्याच पेट्यांपायी मी एक अख्खं वर्ष मत्सरानं जळत होते.

लॅबमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझ्याबरोबर संशोधन करणारी एक काशीकर मुलगी. ती राजा घाटामागच्या गल्लीत राहायची. घरात पिढ्यान्पिढ्या शास्त्री, वडील प्राध्यापक. तिची मराठी निम्मी हिंदीच. "तू बिलकुल सुकून गेलीस गं, चल घरी, आईने पुरण केलंय," म्हणून रविवारी ओढून न्यायची. तिची आई, म्हणजे काकू, मी नको नको म्हणेपर्यंत वाढायच्या. मी जेवता जेवता भिंतभर पुस्तकं बघायची आणि मनात म्हणायची, ही असल्या घरात वाढली, हिला कसली काळजी!

आमचा विषयही खाण्याचाच होता. राणी माशी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात. सुरुवातीला सगळ्याच अळ्यांना रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्यांनी तयार केलेला पौष्टिक रस, मिळते. जिला ती पुढेही भरपूर मिळत राहते, ती राणी होते. हा फरक पडताना अळीच्या शरीरात कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती गप्प बसतात, हे आम्हाला पाहायचं होतं. त्यासाठी मी कोवळ्या अळ्या बारीक ब्रशनं उचलून मेणाच्या वाट्यांत ठेवायची. माश्यांना त्या पसंत पडल्या की त्या वाटीभोवती राणीघर बांधत. पुढे या अळ्या गोठवून दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत न्यायच्या होत्या. जनुकांचं काम तिथेच शिकायला मिळणार होतं. जाणार एकच जण.

मला वाटलं, मीच जाणार. माझ्या वाट्या माश्या क्वचितच नाकारत. तिच्या बहुतेक रिकाम्याच निघत.

सरांनी तिचं नाव सांगितलं. मी धीर करून कारण विचारलं.

"तुम चली जाओगी तो यहाँ कौन सँभालेगा? तुम्हारे जैसा हाथ किसका है?"

इतक्या कौतुकानं म्हणाले, की मला "थँक यू सर" म्हणावं लागलं.

अळ्या मी वाढवल्या, मी गोठवल्या. दुधाच्या कॅनसारख्या दिसणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या डब्यातून त्या ती घेऊन गेली. परतली ती जनुकांच्या तपासणीचा एक फोटो घेऊन. रविवारी जेवतानाच तिनं तो माझ्या ताटाशेजारी ठेवला. दोन काळपट पट्ट्या, एक राणीची, एक कामकरीची; त्यांतली प्रत्येक रेघ म्हणजे एक जागं जनुक. कामकरीच्या पट्टीतल्या काही रेघा राणीच्या पट्टीत नव्हत्याच.

"राणी होताना बरीच जनुकं थंड पडतात," ती म्हणाली. "कामकरी होताना नवीन सुरू होतात. मेहनत करणारीच्या आतच जास्त हलचल! खूश?"

"खूश. मग पुढच्या हंगामात तू कामकरी हो. मी जाते."

काकूंचा वाढता हात थांबला. ती हसली नाही.

"मला नाही जमत गं. माझ्या अळ्या मरतात."

"मरत नाहीत, बुडतात. तू त्या उलट्या ठेवतेस. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, नाहीतर श्वास कोंडतो. शंभरदा सांगितलं. तुझं लक्ष घड्याळाकडे."

"पोळी उलटतानाही हिचं हेच," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "हाथ सिखाया जा सकता है, सर." त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "पहले इसके कप भरकर दिखाओ."

आता माझं जाणं तिच्या बोटांवर होतं. मोहरी फुलली तशा आम्ही आंब्याखाली बसू लागलो. ओलं फडकं पांघरलेली पेटीतली लाकडी चौकट मांडीवर, ब्रश तिच्या हातात, ओरडणं माझं. "मास्तरीणबाई, पार घाटापर्यंत ऐकू जातंय," ती म्हणायची. पहिल्या खेपा वाया गेल्या. मग एका सकाळी चौकट उचलली, तर तिच्या वाट्यांना मेणाच्या लांब झालरी लोंबत होत्या. तिनं मला मिठी मारली. मीही मारली, आणि तिच्या खांद्यावरून बघत राहिले. ती राणीघरं माझ्यापेक्षा लांब होती, घाटदारही.

या वेळी सरांनी माझं नाव दिलं. स्टेशनवर निरोपाला ती आणि काकू आल्या. नायट्रोजनचा डबा माझ्या पायांत, काकूंचा जेवणाचा डबा मांडीवर. गाडी हलली तशी ती ओरडली, "पेट्यांची फिकर करू नको, मी आहे ना!"

फिकर तीच तर होती, की आता तिथे ती आहे. गाडी गंगेवरच्या पुलावर आली तरी मी पुढचा विचार करत नव्हते. काकूंची पोळी हातात घेऊन माझ्या मनात एवढंच येत होतं, की आज कोपऱ्यातल्या पेटीचं झाकण तिनं उघडलं असेल, आणि माश्या तिच्यावर चिडल्याही नसतील.