सहा वाजताचे अठरा

वॉर्डात त्यांना सगळे काकूच म्हणायचे, आणि त्यात चूक कुणाची नव्हती. रुग्णसहायकाच्या प्रशिक्षणाला आलेल्या चौदा जणांत तेरा जण विशी-बाविशीचे आणि या एकट्या सेहेचाळीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी तर एका मुलीनं त्यांना पेशंटची नातेवाईक समजून "भेटायची वेळ चारनंतर" असं सांगून बाहेरच्या बाकावर बसवलं. आणि या बसल्या की हो पंधरा मिनिटं!

घरी सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, ठसका न लागता पाणी कसं पाजायचं, हे काकू कुणी न शिकवता शिकल्या होत्या. पण कुणी चौकशी केली की नवरा सांगणार, "ही? ही घरीच असते." बोलणाऱ्याला काय, तो बोलून मोकळा. काकूंच्या मनाला ते फार लागायचं. म्हणून या वयात फॉर्म भरला. सासूबाईंनी पलंगावरूनच फर्मान काढलं, "माझ्यावर हात बसवलास, आता शिकल्याचा कागद दवाखान्याकडून आण. जा, माझं मी बघते." बघणार काय होत्या, डोंबल! नणंद मागच्याच गल्लीत राहायची, ती दुपारपर्यंत येऊन बसायला लागली म्हणून जमलं.

शिकवायला होत्या एक निवृत्त सिस्टर. छातीवर पिनेनं उलटं घड्याळ लावायच्या, म्हणून पोरांनी नाव पाडलं घड्याळबाई. ताप मोजायला यंत्र आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, नाडीलाही आहे. श्वास मात्र डोळ्यांनी मोजावे लागतात. पेशंटला सांगून मोजले तर तो श्वास सांभाळून घेतो, मग आकडा खोटा येतो. म्हणून मनगट हातात धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. "पूर्ण साठ सेकंद," घड्याळबाई बजावायच्या. "पंधरा मोजून चारनं गुणायचं नाही. आणि न मोजता लिहिलेला एक जरी आकडा सापडला, तर परीक्षा तिथंच संपली. तीन महिने वॉर्ड पुन्हा."

वर्गात हे ठीक. वॉर्डात राज्य होतं वॉर्डबॉय मामांचं. बावीस वर्षं तिथं काम केलेला माणूस, मनानं लाख, पण घाईचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंना बाजूला घेतलं. "ताई, बारा खाटा, बारा मिनिटं नुसती छाती बघत बसणार का? अठरा लिहा. सगळे अठराच घेतात." वॉर्डातले तक्ते काढून बघा, अठरा, अठरा, अठरा! सगळा वॉर्ड जणू एका तालात श्वास घेतोय. काकू मात्र मोजायच्या. घरी सासूबाईंवरही सराव करायच्या. सासूबाई म्हणायच्या, "नाडीचं सोंग नको करूस, मला कळतंय."

सहा महिने असेच गेले आणि परीक्षेचा दिवस उजाडला. नऊ वाजता प्रात्यक्षिक होतं. तुकडीतून दोघांना याच दवाखान्यात कायम घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यातली एक जागा काकूंची, असं घड्याळबाई न बोलता सुचवून गेल्या होत्या. काकूंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे साडेपाचला कामावर हजर. सहाची नोंद घेताना ताप, रक्तदाब, नाडी, सगळं नीट घेतलं. पण परीक्षेसाठी चादरीचे कोपरे एकदा पुन्हा घडी करून बघायचे होते, आठ वाजता सगळे पेशंट तयार हवे होते. आणि काकूंनी, त्या सहा महिने मोजणाऱ्या काकूंनी, बाराही खाटांवर अठरा लिहून टाकले. एकच दिवस, असं मनाशी म्हणाल्या. हे एकच दिवस प्रकरण फार वाईट असतं.

नऊ वाजता चिठ्ठी उचलली. खाट सात.

सातवर शिंपी आजोबा होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले. जिभेला हाड नव्हतं, सगळ्या सिस्टरांच्या गणवेशाच्या शिलाईला नावं ठेवायचे. घड्याळबाई पायथ्याशी वही घेऊन उभ्या राहिल्या. काकूंनी हात धुतले, नमस्कार केला, काय करणार ते सांगितलं. सगळं पाठ होतं. मग मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघितलं.

दहा सेकंदांत पाच झाले. काकूंना वाटलं, आपलंच चुकतंय. वीस सेकंदांत दहा. आजोबा हसून बघत होते, पण गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती. साठ सेकंदांना एकतीस.

तक्ता समोर उघडा होता. वर त्यांच्याच अक्षरात, सहा वाजता, अठरा. घड्याळबाईंनी स्वतः मोजलं नव्हतं, त्या काकूंचा हात बघत होत्या. वीस लिहिलं तर? बावीस? कोण विचारणार होतं! पण आजोबांच्या गळ्याची ती खळगी पुन्हा आत गेली आणि काकूंच्या तोंडून शब्द आपोआपच निघाला. "एकतीस. सिस्टर, डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आले. ऑक्सिजन लावला, छातीला नळी लावून ऐकलं, तक्ता हातात घेतला. "सहाला अठरा आणि नऊला एकतीस? तीन तासांत?" त्यांचा चेहरा एकदम बदलला. "ऑपरेशननंतर असं अचानक झालं तर रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली असं धरून चालावं लागतं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन तयार ठेवा. जखम ताजी आहे, धोका आहे, पण इलाज नाही."

वॉर्डातल्या सिस्टर इंजेक्शन आणायला वळल्या.

कोपऱ्यात मामा उभे होते, त्यांनी नजर खाली घातली. एक शब्द न बोलता काकू पास होत होत्या. वर शाबासकीही मिळाली असती, बघा, बाईनं पकडलं म्हणून! आणि आजोबांच्या ताज्या जखमेतून रक्त सुटलं असतं, तर त्याला काकूंचे ते खोटे अठरा कारण झाले असते.

"सर," काकू म्हणाल्या. त्यांनी तक्त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "सर, ते अठरा खरे नाहीत. मी मोजलेच नव्हते."

घड्याळबाईंची पेन्सिल थांबली. डॉक्टर ओरडले, "म्हणजे? मग किती होते?"

"आकडा माहीत नाही. पण सहाला अंग पुसताना ते गणवेशाच्या बटणांवरून बोलत होते आणि एका वाक्यात दोनदा थांबले. एरवी थांबत नाहीत. आणि उशी मागितली दुसरी. कालच्यापेक्षा जास्त खोकत होते. मला दिसलं होतं, सर. दिसलं आणि तरी मी अठरा लिहिले."

डॉक्टर आजोबांकडे वळले. मग पुन्हा ऐकलं, पाठीमागून, नीट वेळ देऊन. "इंजेक्शन थांबवा. आधी छातीचा फोटो." तो तासाभरात आला. उजव्या फुफ्फुसात खाली कफ साठून जंतुसंसर्ग झाला होता, कालपासून चढत असणार. गुठळी नव्हती. औषध सुरू झालं. दुपारी शिंपी आजोबांनी ऑक्सिजनच्या मास्कची शिलाई कच्ची असल्याचं खुणेनं सांगितलं, तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला.

त्याआधी मात्र व्हायचं ते झालं होतं. घड्याळबाईंनी तक्ता पुढे केला. काकूंनी आपल्या अठरावर एक रेघ ओढली, शेजारी लिहिलं, 'मोजले नाहीत', आणि सही केली. मग बाकीच्या अकरा खाटांच्या तक्त्यांवरही तेच केलं. बारा सह्या. शेवटच्या सहीपर्यंत त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

"परीक्षा संपली," घड्याळबाई म्हणाल्या. नियम तो नियम. "जागा दुसऱ्या दोघांना जातील. सोमवारी साडेपाचला यायचं. तीन महिने. उशीर चालणार नाही."

काकू जिना उतरायला निघाल्या तेव्हा मामा आठ नंबरच्या खाटेशी मनगट धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

घरी नणंद निघून गेली आणि सासूबाईंनी लगेच विचारलं, "काय गं? पास?"

"नाही, आई. नापास." आणि काकूंनी सगळं सांगितलं, अगदी कोपऱ्यांच्या घडीपासून. रडल्या भरपूर. सासूबाई आधी भडकल्या. "अगं, गप्प बसायचं होतंस! एवढे दिवस मरमर केलीस ती कशासाठी?" मग जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "पण गप्प बसली असतीस आणि त्या माणसाचं काही झालं असतं, तर माझ्या अंगाला हात लावू दिला नसता तुला." आणि थोड्या वेळानं, "आज माझे मोजलेस?"

"नाही."

"मग मोज की. सोमवारपासून परत जायचंय ना?"

काकूंनी डोळे पुसले आणि मनगट धरलं. सासूबाई काहीतरी बोलणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आता एक मिनिट बोलायचं नाही." आणि काय सांगावं, उभ्या जन्मात जे सासऱ्यांना, मुलाला, डॉक्टरला जमलं नाही ते झालं. सासूबाई पूर्ण एक मिनिट गप्प बसल्या.

"किती?"

"अठरा," काकू म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं, वहीवर टेकवलं आणि तसंच खाली ठेवलं.

"काय झालं आता?"

"काही नाही, आई. अजून एकदा मोजते."