आज फूल नाही

“आजची जास्वंद सहाव्या घराच्या कुंपणावरची. न विचारता घेतली, क्षमा असावी. मोगरा कोपऱ्यावरच्या अम्माचा. वात आमच्या हिची. नमस्कार.”

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर रोज सकाळी अण्णांचा असा मजकूर यायचा. आधी कन्नडमध्ये, खाली मराठीत. वर त्यांच्या देव्हाऱ्याचा फोटो. फोटोत बाळकृष्ण, समई आणि एका कडेला हमखास अण्णांचा अंगठा. सहाव्या घरच्या बाई पहिल्यांदा तणतणत त्यांच्या दारात गेल्या, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, “लिहिलंय की मी. चोरायचं असतं तर लिहिलं असतं का?” पुढे त्या स्वतःच जास्वंदीची एक फांदी कुंपणाबाहेर वाकवून ठेवू लागल्या.

तुमच्याही गल्लीचा असा ग्रुप असेलच. आमचा बंगळूरच्या राजाजीनगरातला आहे, पण सगळीकडे तीच तऱ्हा. सकाळी तेहतीस कोटी देव मोबाइलवर उतरतात, कुणी कमळात, कुणी धबधब्याखाली, आणि संध्याकाळी गाडी कुणी कुठे लावली यावरून तेच भाविक एकमेकांचा उद्धार करतात. अण्णांना हे आयते देव मानवत नसत. असा एखादा देव आला की ते खाली विचारायचे, “हे कुणाच्या घरचे?”

“कुणाच्या घरचे नाहीत हो अण्णा, फॉरवर्ड आहे.”

“मग बिचाऱ्यांना नैवेद्य कोण दाखवतं?”

लोक हसायचे. मीही हसायचे. म्हाताऱ्याला फोन कळत नाही, असंच सगळ्यांचं मत होतं. खरं म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. त्यांची उभी हयात चिकपेटात साड्यांच्या घाऊक दुकानात गेली होती. घडी उलगडली की साडी कुठल्या गावची, कुणाच्या मागावरची, ते आधी सांगायचं, मग भाव बोलायचा, ही तिथली शिस्त. निवृत्त झाल्यावर समोर गिऱ्हाईक उरलं नाही, देव उरला. मग त्याला सांगू लागले. “देवापुढे नाव चोरू नये,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

अम्मा गल्लीच्या तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली, भिंतीला टेकून बसायची. मुसलमान होती, डोक्यावर पदर, मांडीवर ओलं फडकं आणि त्यात कळ्या. बोटं चालू आणि तोंडही चालू. फुलं हाताने मोजून द्यायची, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ, आणि अण्णांना देताना तिचा हात जरा लांब व्हायचा. गल्लीतल्या सगळ्या देवांना, सगळ्या लग्नांना आणि सगळ्या अंबाड्यांना तिचीच फुलं जात. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रोज लिहून सांगणारे एकटे अण्णा.

एक दिवस ग्रुपवर तो मजकूर आला. वर देवीचं चित्र, खाली सवाल: तुमच्या देवाची फुलं कुणाच्या हातून येतात, याचा विचार केलात का? पुढे जे होतं ते मी इथे लिहिणार नाही, माझ्या हाताला घाण लागेल. पाठवणारे आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. आमच्यातलेच, घरात मराठी बोलणारे, दर गुरुवारी उपास करणारे. त्याखाली भराभर जोडलेले हात उमटले. मी लिहिलं, “अध्यक्ष, तुमच्या मुलीच्या लग्नातला मंडप कुणाच्या फुलांनी सजला होता?” थोड्या वेळाने आणखी एक देव आला, हंसावर बसलेला.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा नेहमीचा फोटो: “मोगरा अम्माचा. वात आमच्या हिची. नमस्कार.”

संध्याकाळी अध्यक्ष त्यांच्या घरी गेले. मी अक्कांकडे, म्हणजे अण्णांच्या बायकोकडे, आंबोळीचं पीठ द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

“अण्णा, तुम्ही फोटो जरूर टाका. फुलं कुणाची ते तेवढं लिहू नका. स्वल्प ॲडजस्ट करा.”

“देवाला तर ठाऊक आहे फुलं कुणाची ते. मग लपवायचं कुणापासून?”

“लोकांच्या भावना असतात.”

“सरी, ठीक आहे. मग लोकांच्या भावनांचा फोटो टाका. मी देवाचा टाकतो.”

अध्यक्ष कॉफी न पिता उठले.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. कुणी अम्माला “ऊठ” म्हणालं नाही. एवढी हिंमत कुणात होती? एका सकाळी तिच्या पाठीमागच्या भिंतीवर देवांच्या फरशा बसलेल्या दिसल्या. भिंतीपाशी लोकांनी लघवी करू नये म्हणून लावतात ना, त्याच गुळगुळीत रंगीत फरशा, खालपासून वरपर्यंत ओळीने. आता देवांना पाठ लावून बसणार कशी? आणि तोंड तिकडे करून बसली तर फुलं विकणार कुणाला? अम्मा टोपली घेऊन थोडा वेळ उभी राहिली. मग फडकं झटकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. तिची लेक शहराबाहेर लांब, आनेकलला दिली होती. तिकडे बस स्टँडजवळ बसायला लागली, असं नंतर कळलं. ज्या देवांना तिने जन्मभर नटवलं, त्यांनाच तिच्यावर पहाऱ्याला बसवलं! ग्रुपवर फरशांचा फोटो आला, “आपला कोपरा आता पवित्र झाला.” पुन्हा जोडलेले हात.

त्याच्या दुसऱ्या सकाळी अण्णांनी फोटो टाकला. बाळकृष्ण नुसता धुतलेला, कपाळाला गंध, गळा उघडा. खाली लिहिलं होतं: “आज फूल नाही. अम्माला आपण उठवलं. वात आमच्या हिची. नमस्कार.”

आणि आता ऐका. त्याखालीही लोकांनी हात जोडले! रोजचा फोटो, रोजचा अंगठा, वाचतो कोण? अख्ख्या गल्लीने आपल्याच पापाला मनोभावे नमस्कार केला. त्यात अध्यक्षही होते. दुपारी कुणीतरी ते वाचलं, मग बोंब झाली, आणि संध्याकाळच्या आत अण्णांना ग्रुपमधून काढून टाकलं.

मी सरळ अध्यक्षांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“तुम्ही स्वतः हात जोडलेत त्याला. आता काढता कशाला?”

“मी वाचलं नव्हतं.”

“मग जोडलेत कशाला?”

“सवय असते हो,” ते म्हणाले. आणि वर मलाच समजावू लागले की ग्रुपवर फक्त चांगले विचार असावेत.

ग्रुपमधून काढलं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. पाण्याचा टँकर कधी येणार, वीज कधी जाणार, कुणाकडे बारसं, कोण आजारी, आमच्याकडे आता सगळं तिथेच कळतं. दाराशी येऊन सांगायची रीत कधीच संपली. अण्णा फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, “आज पाणी आहे का हो?” मी सांगायचे. बाकीचे मोबाइल कानाला लावून पुढे जायचे. ज्यांच्या मुलांना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, ते लोक. मला त्या गल्लीत राहायची लाज वाटायची, आणि घर माझंही तिथेच.

अण्णांनी मात्र आवाज चढवला नाही. लोक काशीला जाऊन एखादी भाजी सोडतात, तसं त्यांनी फूल सोडलं. अम्मा त्या कोपऱ्यावर परत बसेल त्या दिवशी देवाला फूल. सहाव्या घरच्या बाईंनी जास्वंद आणून दिली, तीही हात जोडून परत केली. मी म्हटलं, “अण्णा, अम्माकडूनच आणू या की, आनेकलला बस जाते.”

“मी जाऊन आलो. भेटलो तिला. फुलं देत होती, नको म्हटलं. प्रश्न फुलांचा कुठे आहे? बसण्याचा आहे.”

“आणि देव? त्याला चालतं असं बोडकं राहिलेलं?”

“त्याला काय, तो बघतोय रोज. लाज वाटायची तर आपल्याला वाटायला हवी.”

त्यांच्याबरोबर अक्कांनीही सोडलं. आमच्या बंगळूरात सवाष्णीने केसांत फूल न माळणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या हळदीकुंकवाला त्या घरोघरी गेल्या, कुंकू लावून घेतलं आणि गजरा पुढे आला की म्हणायच्या, “आमच्याकडे फूल सोडलंय.” का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. यजमानीण गजरा ताटात परत ठेवायची आणि दुसरीकडे बघायची.

दिवाळीच्या आधी अण्णा गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. उजाडता उजाडता ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश: “आपल्या गल्लीचे भक्तिमय ज्येष्ठ हरपले. त्यांच्या पोस्टमुळे आपली सकाळ प्रसन्न होत असे.” खाली ॐ शांती, ॐ शांती. मी लिहिलं, “त्यांना तुम्ही इथून हाकललं होतं, तेही लिहा.” माझं वाक्य त्या शांतीखाली कुठल्या कुठे गेलं.

अक्कांनी अम्माला फोन केला होता, पण आनेकल काय जवळ आहे? ती येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अण्णांना ओसरीवर आणून ठेवलं. पांढरं धोतर, कपाळाला गंध. माणसं हार घेऊन येऊ लागली. अक्का उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. पहिला हार आला तसा त्यांनी हात आडवा केला.

“फूल नको. यांनी सोडलं होतं.”

“अक्का, अशा वेळी असं करू नये.”

“अम्मा बसली का कोपऱ्यावर?”

हार आणणाऱ्याने हार पिशवीत परत घातला. सहाव्या घरच्या बाई तेवढ्या तोंडाला पदर लावून रडल्या. अण्णांना तसंच उचललं, अंगावर एक पाकळीही न पडता. आजवर आमच्या गल्लीतून असं कुणी गेलं नव्हतं.

अध्यक्ष उशिरा पोचले. गुलाबाचा भला मोठा हार, मार्केटातून खास आणलेला. तोवर गाडी वळणावर गेली होती. मढ्यासाठी आणलेला हार, देवाला घालता येत नाही, घरात नेता येत नाही. ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हातांत तो हार धरून, आणि आम्ही सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली.