गाडीवाटेवरचा पिवळा रंग

पौडला मी खरेदीखतांचे मसुदे तयार करून देते. माझी पद्धत एकच आहे. दोन्ही पक्षांचं जे ठरलेलं नाही, ते पिवळं. ठरलं की पिवळा रंग काढायचा, तोही दोघांच्या तोंडून होकार ऐकल्यावर आणि मीच. अख्खा मसुदा ऐकत बसायला लावणीच्या दिवसांत कुणाला सवड नसते, म्हणून बैठकीत मी फक्त पिवळं वाचून दाखवते. माणसं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "ताई, पिवळं किती ऱ्हायलं?"

आमच्या वरच्या खोलीत एक भाडेकरू राहतो. मूळचा विदर्भातला, पस्तिशीचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. मी मसुदे टाइप करते त्या एडिटरमध्ये त्याने एआय एजंट बसवून दिला. मी मागितला नव्हता. एजंट गट नंबर, नावं, हद्दी ताडून बघतो आणि चूक दाखवतो. इथवर ठीक. पण जिथे जिथे बघेल तिथे हिरवा पट्टा मारून ठेवायचा. पाहुण्याने घरभर फिरून सगळे दिवे चालू ठेवावेत, तसं. मी भाडेकरूला म्हटलं, "त्याला स्वतःचा पसारा आवरायला शिकवा."

"त्यात काय, काकू. संध्याकाळी करतो."

संध्याकाळी तो धरण बांधून आल्यासारखा जिना उतरला. "एजंटला टूल लिहून दिलंय. काम झालं की हायलाइट्स स्वतःच क्लिअर करणार. आता चहा पाजा." मी पाजला. वाया गेला.

त्या वेळी कोळवणच्या एका आबांचा मसुदा चालू होता. वरचं भातखाचर ते पुण्याच्या एका जोडप्याला फार्महाऊससाठी विकत होते. खालचं खाचर आबांकडेच राहणार होतं आणि तिथे जायला रस्ता वरच्यातूनच. जोडप्याने लिहून पाठवलं होतं, 'पायवाट'. आबांना गाडीवाट हवी होती. ट्रॅक्टर जाणार नसेल तर खालचं खाचर असून नसल्यासारखं. ती ओळ अर्थातच पिवळी होती.

फाईल दोन्ही पक्षांना त्यांच्या फोनवर बघता येते. दोन दिवसांनी जोडप्यातल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, थँक्यू हां. सगळं क्लिअर झालेलं दिसतंय. सोमवारी फायनल करून टाकू."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे पिवळं काहीच नाहीये आता. आजोबांनी पायवाट मान्य केली ना?"

मी फाईल उघडली. पिवळ्याचा ठिपका नव्हता. 'पायवाट' इतर ओळींसारखीच निवांत बसली होती. खाली एजंटचा निरोप: 'सर्व हायलाइट्स यशस्वीरीत्या काढले. दस्तऐवज आता स्वच्छ आहे.' स्वच्छ! अंगण झाडायला सांगावं आणि कामवालीने वाळवणाच्या कुरडयाही केरात भराव्यात, वर शाबासकीसाठी उभं राहावं.

भाडेकरूला खाली बोलावलं. "त्याने त्याचे हिरवे काढायचे होते. माझं पिवळं का काढलं?"

"टूलला तो फरक कळत नाही, काकू. हायलाइट म्हणजे हायलाइट."

"कुणी लावलंय ते बघत नाही?"

"तशी केस डोक्यात नाही आली."

"तुमच्या खोलीत माझं कपाट आहे. खोली सोडताना तेही टेम्पोत घालाल?"

तो हसला. माझ्याकडे बघून थांबला. मग म्हणाला, "पण टेक्निकली टूल बरोबरच चाललं." या एका शब्दाचा यांना पगार मिळतो.

मागच्या बैठकीची छापील प्रत समोर ठेवून मी सगळ्या ओळी ताडल्या आणि राहिलेलं पिवळं पुन्हा लावलं. साहेबांना कळवलं, वाटेचं अजून ठरलेलं नाही, सोमवारी बोलू.

सोमवारी आबा आले. "ताई, पिवळं?"

"एकच. वाटेचं."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "ते क्लिअर झालं होतं, मॅडम. आम्ही कंपाउंडचं काम देऊन बसलोय."

"क्लिअर कुनी केलं?" आबांनी विचारलं.

"मशीनने," मी म्हटलं.

"मंग भाताचे भारे बी त्येच्याच डोक्यावर द्या." आबांनी टोपी सारखी केली आणि उठले. "गाडीवाट न्हाई, तर जमीन न्हाई. येतो मी."

साहेब माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने मात्र आबांकडे बघितलं. "आबा, बसा ना. ट्रॅक्टर रोज जाणार का?"

"रोज कशापायी? लावणीला आन् काढणीला. बास."

"मग फाटक मोठं करू," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने मान हलवली.

"तोंडाने सांगा," मी म्हटलं.

"हो. गाडीवाट."

"आबा?"

"व्हय."

मी शब्द बदलला, ओळ दोघांना वाचून दाखवली आणि मग तिच्यावरचा पिवळा रंग काढला. आबा खाली बसले.

ते टूल त्याच दिवशी काढायला लावलं. एजंटचे हिरवे पट्टे मी स्वतः पुसते, जोडीला केरवारा असतोच. परवा भाडेकरू पुन्हा जिन्यात उभा. "आता रंग ओळखतं, काकू. टाकू का परत?"

चहाचे तीन कप मोरीत पडले होते. मी म्हटलं, "आधी तुमचा कप विसळा. फक्त तुमचा. बाकीच्यांना हात लावू नका."

त्याने तिन्ही विसळले.