भिकुबाईचे भुंगेरे

चाळीसगावजवळच्या त्या सीताफळाच्या बागेसाठी फवारणीचा पंप होता, पण पंपाची नळी नव्हती. नळी घरात, ज्वारीच्या कोठीत, दाण्यांखाली पुरलेली. गेल्या साली औषध मारता मारता मोतीलालनाना बागेतच कोसळले होते. डॉक्टर म्हणाले, पंप पुन्हा पाठीवर घेऊ नका. नानांनी मान हलवली. त्या मान हलवण्याची किंमत भिकुबाईला लग्नापासून माहीत, म्हणून तिने त्याच दिवशी नळी लपवली.

यंदा सीताफळांवर पिठ्या ढेकूण पुन्हा आला. फळं अशी पांढरी, जणू कुणी वरून पीठ भुरभुरलंय.

"पोळापर्यंत दखसू," नाना म्हणाले. "नही गया ते नवी नळी लई येसू."

भिकुबाईने तडक बहिणीच्या मुलीला, सपनाला फोन लावला. सपना शेतकी शिकलेली. तिने डबीभर भुंगेरे आणून झाडांवर सोडले. काळे, नारिंगी डोक्याचे, मसुरीच्या दाण्याएवढे.

"मावशी, हे ढेकूण खातात. यांची पिल्लंही खातात. फक्त धीर धरा."

भिकुबाईने धीर धरला. नानांना ते जमणारं नव्हतं. भुंगेरे दिसेनासे झाले आणि फांद्यांवर ढेकणांहून मोठे पांढरे, झिपरे किडे पळू लागले. एका बाजाराच्या दिवशी, बायको घरी नाही असं बघून, नाना दात घासायचा जुना ब्रश घेऊन बागेत गेले. मनात भाव चांगला होता: पंप नको ना तिला, मग हातानेच साफ करू. नाना माळकरी, हाताने किडा मारायचे नाहीत. पंपाने मेलेला किडा ते औषधाच्या नावावर टाकत. त्यांनी मोठे मोठे किडे डब्यात झटकले आणि दारातल्या जास्वंदीवर सोडून दिले. ती आधीच ढेकणांनी पांढरी झालेली. तिथे यांचं गणगोत होतंच.

"बठ्ठा मोठ्ठा किडा येची लिन्हात, एक बी सोडा नही," बायको परतल्यावर नानांनी अभिमानाने सांगितलं.

भिकुबाईने डब्यात उरलेला एक किडा पाहिला आणि त्याचा फोटो सपनाला पाठवला. उत्तर लगेच आलं. "मावशी, हे तर भुंगेऱ्याचं पिल्लू. दिसतं ढेकणासारखं, पण पळतं बघा कसं."

नाना ओट्यावर टेकले. मग त्यांची नजर खुंटीवरच्या पंपाकडे गेली, आणि भिकुबाई पंपाच्या आड येऊन उभी राहिली.

ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "चहा लेतस का?"

पोळा तोंडावर आला. एका सकाळी देवाला फूल तोडायला ती जास्वंदीजवळ गेली आणि थांबलीच. फांद्या हिरव्या. पानोपानी नारिंगी डोकी, आणि खाली त्यांची झिपरी लेकरं, पोट भरून सुस्तावलेली.

"अहो, इकडे या. तुमना पाव्हना दखा."

दोघांनी जास्वंदीच्या डहाळ्या कापून टोपलीत भरल्या आणि सुतळीने सीताफळाच्या एकेका झाडाला बांधल्या. भिकुबाईचा हात जरा घाईचा.

"धीरे बांध," नाना कुजबुजले. "लहान लेकरं शेतस ती."

पोळ्यापर्यंत फळं पुरती निवळली नव्हती, पण हिरवी दिसू लागली होती. सणाच्या सकाळी भिकुबाई पंप उचलून माळ्यावर टाकायला निघाली.

"नळी बी ठी दे त्यासंगे," नाना म्हणाले. "कोठीमा शे. चिड्यासले ज्वारी टाकताना हातले लागनी व्हती."

"कव्हय?"

"मागला सालले."

"मंग काढी का नही?"

नानांनी ओट्यावरचा जुना ब्रश उचलला, झटकला, खिशात ठेवला.

"तू ठेयेल व्हती ना."