नरसाळ्यांना लावलेला साबण

लोक त्याला पाणीवाला म्हणत, पण त्याच्या पाण्याने कुणाची तहान भागत नसे. कारखान्यांचा धूर वाऱ्याबरोबर जंगलात येतो, पानांवर बसतो आणि पाऊस तो धुऊन खाली आणतो. म्हणून झाडांखाली खांब रोवलेले, खांबांवर नरसाळी आणि नरसाळ्यांखाली बाटल्या. दर आठवड्याला चढ चढायचा, ते पाणी गोळा करायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. हवेतली किती घाण पावसातून उतरली, ते तिथे कळे. ऐकायला सोपं आहे. जन्मभर करून बघा.

त्याच्या गुडघ्यांनी आता संपच पुकारला होता. शहरातल्या भांडारात खुर्चीवरचं काम मिळण्यासारखं होतं. पाहणीला येणाऱ्या मॅडमनी हो म्हटलं की झालं. बायको तर त्या खुर्चीत स्वतःच बसल्यासारखी खूश होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी तो गुडघे शेकत पडला होता. बायको गुपचूप बादली आणि घासणी घेऊन वर गेली. पाहुणे यायचे तर घर आवरायचं, एवढं तिला कळत होतं. हिरवट झालेली नरसाळी तिने साबण लावून लख्ख केली. नवऱ्याला उद्या बघूनच आनंद होऊ दे, म्हणून बोलली नाही. संध्याकाळी पाऊस झाला.

सकाळी मॅडमनी पहिली बाटली उचलून हलवली. पाण्यावर पांढरा फेस आला.

"हे काय?"

त्याने बाटली नाकाशी धरली. साबणाचा वास आला. साबण लागलेल्या नरसाळ्यातलं पाणी हवेबद्दल काही सांगत नाही, साबणाबद्दलच सांगतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती चहाचा थर्मास धरून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"मीच धुतली," तो म्हणाला.

"तुम्ही? इतक्या वर्षांनी?" मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "नव्या माणसाला तुम्हीच शिकवणार होतात. आता आधी तुमच्याच कामाकडे बघायला हवं. बदलीचं पुढच्या वर्षी पाहू."

त्या गेल्या. बाटल्या ओतून झाल्या. आता सगळी नरसाळी कॅनमधल्या शुद्ध पाण्याने पुन्हा धुवायची होती आणि त्याला दगडावरून उठवत नव्हतं. बायको आधी रडली, मग तडकली.

"एकदा तरी सांगायचं होतंत, साबण चालत नाही म्हणून!"

"तू कधी विचारलंस?"

"कधी विचारणार? घरी आलात की भिंतीकडे तोंड करून झोपायचात."

खरंच होतं ते. संसारभर तो दमूनच घरी आला होता.

तिने पदराने डोळे पुसले आणि कॅन उचलला.

"आता सांगा. आतून हात लावायचा की नाही?"

"नाही. नुसतं पाणी ओतायचं. कडेकडेने."

"बसा तुम्ही," ती म्हणाली आणि पहिल्या खांबाकडे निघाली.