जिताड्याचे डोळे

आम्ही पेणचे मूर्तिकार. वर्षभर राबायचं आणि भाद्रपदात सगळं काम पाण्यात सोडायचं, हा आमचा धंदा. बाबांनी आयुष्यभर गणपती घडवले, पण त्यातला एकही आज दाखवता येणार नाही. उरलंय ते एकच काम. रोह्याच्या एका बागेत माणसं बसवून झुलवायचं मोठं डोलतं जहाज आहे, त्याच्या टोकाला बाबांनी तरुणपणी केलेलं राक्षसाचं फायबरचं तोंड.

गेल्या उन्हाळ्यात बागेच्या मालकांचा फोन आला. जहाज आता लहान मुलांसाठी करायचं होतं. झोका त्यांनी कमी केला होता, पण राक्षस दिसला की पोरं आईच्या कडेवर चढत.

"ताई, मुंबईहून तयार हसरं तोंड मागवतोय. जुनं भंगारात टाकू ना?"

"हात लावू नका त्याला!" मी फोनवरच ओरडले. माझ्या रागाची कीर्ती रोह्यापर्यंत असावी, कारण तोंड घेऊन जा आणि तुम्हीच काय ते करा, असं त्यांनी लगेच सांगून टाकलं.

तोंड टेम्पोत घालून रामवाडीच्या आमच्या शेडमध्ये आणलं. बाबांचा हात आता थरथरतो, म्हणून ब्रश माझ्याकडे. राक्षसाचा जिताडा मासा करायचं मी ठरवलं. आमच्याकडच्या पोरांना जिताडा ताटातूनच ओळखीचा, त्याला कोण घाबरणार? शिंगं कापून पर लावले, सुळे काढले, पुटी भरून गाल गुबगुबीत केले, रुपेरी रंग फवारला. डोळे सगळ्यांत शेवटी. त्या कामाला आम्ही आखणी म्हणतो आणि आखणीत माझा हात धरणारं गावात कोणी नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

तोंड परत जहाजावर बसवायला मी आणि बाबा रोह्याला गेलो. पहिल्या दिवशी पोरं रडली नाहीत, पण जहाजात चढलीही नाहीत. रांगेतल्या पहिल्या बाईने चपला काढल्या आणि मुलाचे हात जोडले. मागच्या आजींनी केसातलं फूल काढून जिताड्यापुढे ठेवलं. पुढे पाय टाकायला कोणी धजेना.

मालक धावत आले. "अवो ताई, ह्यो तर गनपती झाला! देवावर पाय देऊन कोन चढंल? आज संध्याकाळपर्यंत बघतो, नायतर मुंबईचं तोंड बसवतो."

मी वर बघितलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पापणी अर्धी मिटलेली, नजर खाली, समोरच्यावर माया करणारी. माशाला कधी पापणी असते का? पण इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने देवाचे डोळे काढले होते.

बाबा बाकावर बसून निवांत बर्फाचा गोळा खात होते. त्यांचं उरलंसुरलं काम भंगारात निघालेलं आणि यांच्या ओठांना काला-खट्टा.

"पयल्या वर्षी तुला काय दिलं व्हतं गो आखायला?" त्यांनी विचारलं.

उंदीर. शिकाऊ हाताला आमच्याकडे आधी गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीरच देतात. त्याचे डोळे गोल, टक्क उघडे, वर मोदकाकडे लागलेले.

"मंग तेच काढ की."

मी शिडी लावली. पापण्या घासून काढल्या, वरून पांढरा दिला आणि पुन्हा आखायला घेतलं. बाबा खालून सांगत राहिले, "आजून वर बघू दे त्याला. आजून. लबाड दिसला पायजे."

उन्हात रंग भराभर वाळला. पाच वाजता रांग पुन्हा लागली. सर्वांत पुढे चारेक वर्षांची मुलगी होती. तिने जिताड्याकडे बघितलं, जिताड्याने तिच्या डोक्यावरून कुठल्याशा खाऊकडे बघितलं. तिने लांबलचक जीभ काढून त्याला वेडावलं आणि धावत जाऊन पुढची जागा पकडली. पाठोपाठ सगळं जहाज भरलं. मालकांनी तिथल्या तिथे मुंबईला फोन लावून तोंड नको म्हणून कळवलं.

माझा ऊर अभिमानाने भरून आला होता. माझ्याबद्दल थोडा आणि बाबांबद्दल फार. ते कठड्याला धरून उभे होते आणि जहाजाबरोबर त्यांची मान हलत होती.

"बघ गो," ते म्हणाले, "एकानं पन हात जोडले नाय."

आपल्या कामापुढे लोकांनी हात जोडलेले बघण्यात त्यांचा जन्म गेला. पण इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.