सिस्टर स्पीवेंचा मग

सासूबाईंना मी गटारात सांडलं. मुद्दाम नव्हे. आमच्याकडे जावयाने सासूकडे सरळ बघायचं नाही. अंगाला हात लावणं तर दूरच. बायको सेकाई बहिणीच्या बाळंतपणासाठी बुलावायोला गेलेली, आणि इकडे अंबुया, म्हणजे सासूबाई, तीन दिवस अंथरुणातून उठेनात. शेवटी शेजारणींनी त्यांना उचलून माझ्या एकचाकी ढकलगाडीत ब्लँकेटवर बसवलं. मी ढकलत निघालो, मान अदबीने उजवीकडे वळवून. गटार डावीकडे होतं.

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात पोचलो तेव्हा सासू आणि जावई चिखलाने सारखेच माखलेले. तिथे भेटल्या सिस्टर स्पीवे चिरांडू. साठीला टेकलेल्या, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, खिशात तीन चष्मे. तिन्ही म्हाताऱ्यांना उसने द्यायचे, समोर कोण बोलतंय ते दिसावं म्हणून. एक आजोबा ठार बहिरे होते, तर बाईंनी स्टेथोस्कोप त्यांच्याच कानात घातला आणि दुसऱ्या टोकाशी हळूच बोलायला लागल्या. आजोबा एकदम खुलले. बसणं मात्र बाईंना ठाऊकच नव्हतं. दर फेरीला कोपऱ्यातल्या नळाशी थांबायच्या, पत्र्याचा मग भरून गटागटा प्यायच्या, की पुन्हा चालू.

"काय होतंय, अंबुया?"

"काही नाही गं. बरी आहे मी."

"पोटात दुखतं?"

"छे!"

"जेवण जातं?"

"पोटभर."

मी लांबून, भिंतीकडे बघत ओरडलो, "तीन दिवसांत साद्झाचा, मक्याच्या उकडीचा एक घास गेलेला नाही!"

अंबुयांनी ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं.

तरुण डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "ताप नाही. अशक्तपणा आहे. गोळ्या देऊन घरी पाठवू."

"थांबा डॉक्टर. ह्या वयात ताप चढायलासुद्धा अंगात ताकद लागते. आणि ह्या 'बरी आहे' तुम्हाला नाही सांगत, त्याला सांगतायत." बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "जावईबापू, तुम्ही बाहेर. त्या जॅकरांडाच्या झाडाखाली."

"अहो, पण सगळं मलाच तर माहीत—"

"म्हणूनच."

जॅकरांडाला मी किती फेऱ्या घातल्या, देव जाणे. बसलो, उठलो, बुटाचा चिखल काडीने खरवडला, पुन्हा उठलो. सेकाईचा फोन वाजला. उचलला नाही. काय सांगणार? तुझी आई आजारी पाडली, मग सांडली, आणि आता झाडाखाली उभा आहे? तीनदा खिडकीशी गेलो. तिसऱ्यांदा बाईंनी पडदा माझ्या नाकावर ओढला.

तासाभराने त्या बाहेर आल्या.

"आठ दिवस लघवीला आग होतेय. कालपासून तर जवळजवळ बंदच. विष रक्तात भिनायला लागलंय. सलाईन लावलंय, औषध सुरू केलंय. आज घरी नेलं असतंत, तर बायकोला मातीलाच बोलवावं लागलं असतं."

"वाचतील ना?"

"आत्ताच चौकशी करत होत्या, जावयाला कुणी चहा दिला का. वाचतील."

"पण हे झालं कशाने?"

"पाणी पीत नव्हत्या."

"घरात दोन बादल्या भरलेल्या असतात, बाई!"

"आणि संडासाची वाट कुठून आहे?"

मी रेडिओ दुरुस्त करतो. माझं टेबल मागच्या दारातच आहे, आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत मी तिथून हलत नाही. संडासाला जायचं तर अंबुयांना माझ्या खुर्चीला खेटून जावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी पाणी सोडलं होतं.

"एका घरात राहून मला दिसलं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला तासाभरात कसं कळलं?"

बाई आत वळल्या, मी मागोमाग. त्यांनी कोपऱ्यातला नळ सोडला, मग काठोकाठ भरला, एका दमात रिकामा केला आणि मनगटाने तोंड पुसलं.

"मीही जावयाकडेच राहते."